छोट्या बेटावर ग्रुपने तंबूत राहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी मापं एकाच हिशेबाने दिली आहेत : उष्णकटिबंधातलं, वस्ती नसलेलं, तासाभरात पायी फेरी पूर्ण होईल एवढं बेट, १२ माणसं, २ रात्री आणि ३ दिवस. तुमची माणसं किंवा दिवस कमीजास्त असतील तर त्या प्रमाणात बदला. बेटावर विसरलेली वस्तू आणायला दुसरीकडे कुठे जाता येत नाही, म्हणून निघण्याआधीचा हिशेब इथे डोंगरातल्या मुक्कामापेक्षा जास्त काटेकोर लागतो.

किती जणांनी जावं?

८ ते १२. त्याहून जास्त झाले की पाणी, शौचाची सोय आणि बोटीच्या फेऱ्या, तिन्हींचं गणित बिघडतं. चारपेक्षा कमी नकोत, कारण एक आजारी पडला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि उरलेल्या दोघांनी मदत मागायची, एवढी माणसं हवीतच. निघण्याआधी तीन कामं नावानिशी वाटून द्या : पाण्याचा हिशेब, औषधपेटी आणि डोकी मोजणं. "सगळे मिळून बघू" असं ठरलं की पाण्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही.

तारीख कशी ठरवायची?

आधी ऋतू बघा, मग चंद्र. कोरडा ऋतू निवडा आणि वादळांचे महिने टाळा. उत्तर अटलांटिकमध्ये ते साधारण जून ते नोव्हेंबर असतात, दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर ते एप्रिल.

आता चंद्र. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. भरती खूप वर येते, ओहोटी खूप खाली जाते आणि प्रवाहही जोराचे असतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. पहिल्यांदा जाणाऱ्या ग्रुपला भांगाचे दिवस सोपे पडतात. अपवाद एकच : बेटाभोवती उथळ प्रवाळ असेल तर भांगाच्या भरतीत बोट त्यावरून पार होईल एवढं पाणी चढतं का, ते बोटवाल्याला विचारून घ्या.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी १० ला भरती असेल तर तिसऱ्या दिवशी ती पावणेबाराच्या सुमाराला येईल. उतरताना आणि परतताना दोन्ही वेळा पाणी चढलेलं हवं असेल तर अशीच तारीख शोधा. नेमक्या वेळा त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या.

परवानगी लागते का?

जवळपास सगळीकडे लागते. वस्ती नसलेलं बेट बेवारस नसतं. ते वनखात्याचं, बंदरखात्याचं, संरक्षित क्षेत्राचं किंवा खासगी मालकीचं असतं. दिवसा फिरायची परवानगी आणि रात्री राहायची परवानगी बहुधा वेगवेगळी असते. लेखी घ्या, प्रत जलरोधक पिशवीत ठेवा आणि विस्तव पेटवण्याबद्दल त्यात काय म्हटलंय ते आधी वाचा.

पाणी किती न्यायचं?

माणशी दिवसाला ६ लिटर : पिण्यासाठी साडेचार आणि बाकीचं स्वयंपाक, दात घासणं, जखम धुणं यासाठी. १२ माणसं × ३ दिवस × ६ म्हणजे २१६ लिटर. बोट वेळेवर आली नाही तर म्हणून दोन दिवसांचं राखीव, माणशी दिवसाला ४ लिटर, म्हणजे ९६. एकूण ३१२ लिटर. चार मोठ्या माणसांच्या वजनाएवढा हा भार आहे, तो बोटवाल्याला आधीच सांगा. नाहीतर धक्क्यावर सामान कमी करायची वेळ येते आणि तेव्हा पहिला हात पाण्याच्या कॅनकडेच जातो.

२० लिटरपेक्षा १० लिटरचे कॅन घ्या. पाऊल वाळूत रुतत असताना २० किलो उचलून लाटांमधून चालणं म्हणजे कंबर धरायची हमखास सोय. शिवाय एखादा फुटला तर नुकसान निम्मंच होतं. बोट अगदी काठाला लागत नसेल तर कॅन पाण्यातून ओढत न्या. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे वर थोडी हवा ठेवून झाकण घट्ट लावलेला भरलेला कॅन तरंगतो. मुठींमधून दोर ओवून पाच-सहा कॅन एकत्र बांधले की एक जण कमरेएवढ्या पाण्यातून ते सहज ओढत आणतो.

राखीव कॅनवर रंगीत पट्टी चिकटवा आणि ते वेगळे, सावलीत ठेवा. रोज संध्याकाळी उरलेले कॅन मोजा. पहिल्याच दिवशी हिशेब हमखास चुकतो, कारण लोक गोड्या पाण्याने पाय धुतात. भांडी आधी वाळू आणि समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा.

बेटावर खड्डा खणून गोडं पाणी मिळत नाही का?

कधीकधी मिळतं, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या थरासारखं तरंगत असतं. ढोबळ नियम असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. छोट्या, सपाट बेटावर ही वरची पातळी जेमतेम काही सेंटिमीटर असते, त्यामुळे थर पातळ राहतो. जोराने उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं. त्यातच पक्ष्यांची विष्ठा आणि आधी येऊन गेलेल्यांची घाण वाळूतून झिरपलेली असते.

पावसाचं पाणी मात्र कामाचं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ४ × ६ मीटरच्या ताडपत्रीवर १० मिलिमीटरची सर आली तर २४० लिटर पडतात. सांडलवंड धरून त्यातलं निम्मं हाती लागलं तरी पुष्कळ. पहिली पाच मिनिटं ताडपत्रीवरचं मीठ आणि धूळ धुऊन जाऊ द्या, मग भांडं लावा. प्यायचं असेल तर उकळून.

बेटावर किती वाजता पोचावं?

दुपारी दोनच्या आत. उष्णकटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. सूर्यास्तानंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटांत नीट दिसेनासं होतं.

बोटीतून उतरताना काय चुकतं?

लाइफ जॅकेट काढायची घाई. शेवटचं पाऊल वाळूवर पडेपर्यंत ते अंगात हवं. उतरायला वाऱ्याआडची बाजू आणि वाळूची पुळण निवडा. प्रवाळावर उतरू नका, पाय कापतात आणि प्रवाळही मोडतं. लाटांमध्ये बोट आणि किनारा यांच्या मधे कधीच उभं राहू नका. एका लाटेसरशी बोट अंगावर येते. वाऱ्याचा अंदाज १५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या पुढे असेल तर छोट्या बोटीने जाणं पुढे ढकला. मळमळीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. समुद्रात गेल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही.

तंबू कुठे लावायचा?

पुळणीवर पाण्यापासून वर चालत जा. आधी ओलसर शेवाळ, शिंपले आणि काटक्यांची ताजी रेषा लागेल. ती आजच्या भरतीची. आणखी वर वाळलेल्या काड्या, बिया, प्लास्टिकचे तुकडे असलेली दुसरी रेषा दिसेल. ती उधाणाची किंवा मागच्या वादळाची. तंबू या दुसऱ्या रेषेच्याही वर हवा. त्याच्या पुढे बऱ्याच उष्ण किनाऱ्यांवर मर्यादवेल पसरलेली असते : वाळूवर सरपटणारी, खुरासारखं दुभंगलेलं पान, जांभळट गुलाबी फूल. समुद्र रोजचा कुठपर्यंत येतो हे तिच्या नावातच आहे. तंबू तिच्या मागे लावा, तिच्यावर नको. वाळू धरून ठेवायचं काम तीच करते, आणि एकदा तुडवली की तिथली वाळू वाऱ्याने उडू लागते.

माडाखाली अजिबात नाही. काथ्याच्या सालीसकट नारळ किलो-दीड किलोचा असतो आणि पडायला त्याला वारा लागतोच असं नाही. वाळक्या झावळ्याही तशाच पडतात. मोठ्या झाडाखाली झोपण्याआधी वर सुकलेली फांदी नाही ना, ते बघा.

अनोळखी झाडाचा चीकही जपायचा. कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड आहे. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात, आणि त्याचं हिरवट सफरचंदासारखं फळ विषारी असतं. आशियाच्या किनाऱ्यांवर खारफुटीत वाढणाऱ्या एका झाडाचा दुधाळ चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं. ओळख नसेल तर त्या झाडाची फांदी तोडायची नाही आणि तिचं सरपणही करायचं नाही.

वाळूत मेखा टिकत नाहीत. काय करायचं?

तंबूबरोबर येणाऱ्या वीतभर मेखा वाळूत निरुपयोगी आहेत, रात्री वारा सुटला की एकेक करून उपटतात. त्याऐवजी वस्तू पुरायची :

१. साधारण ३-४ लिटरची कापडी पिशवी ओल्या वाळूने भरून तोंड घट्ट बांधा. पिशवी नसेल तर हातभर लांबीची जाड काठी चालते, दोर तिच्या मधोमध बांधायचा.
२. ४० ते ५० सेंटिमीटर खोल खड्डा खणा. काठी असेल तर ती दोराच्या दिशेला आडवी ठेवा.
३. खड्ड्यापासून तंबूकडे दोरासाठी तिरकी चर कापा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. चर नसेल तर दोर खड्ड्यातून सरळ वर येतो, ताण वरच्या दिशेने पडतो आणि पिशवी उचकटते. दोर तिरका राहिला की समोरची सगळी वाळू तिला धरून ठेवते.
४. वाळू थराथराने भरा, प्रत्येक थरावर मगभर समुद्राचं पाणी ओता आणि पायाने दाबा.

अशा पिशव्या तंबूला चार आणि ताडपत्रीला सहा पुरायच्या. निघताना सगळ्या उकरून काढायच्या, खड्डे बुजवायचे.

रात्री तंबूत उकडतं, झोप लागत नाही.

आतला भाग पूर्ण जाळीचा असलेला तंबू घ्या. आकाश मोकळं असेल तर बाहेरचं कापड गुंडाळून ठेवा, पण दोर लावूनच, म्हणजे पाऊस आला तर मिनिटभरात खाली ओढता येईल. दार वाऱ्याकडे करा. दिवसा तंबूत बसायचंच नाही. सावलीसाठी ताडपत्री वेगळी लावा, वाऱ्याकडची कड खाली आणि समोरची वर.

जेवणाचं कसं करायचं?

दोन बर्फपेट्या न्या. एक पिण्याच्या वस्तूंची, ती सारखी उघडली जाते. दुसरी कच्च्या मालाची, दिवसातून दोनदाच उघडायची. बर्फ चुरा नको, लादीचा घ्या, तो सावकाश वितळतो. नाशवंत पदार्थ पहिल्या दिवशी संपवा, तिसऱ्या दिवसासाठी कोरडा शिधा. शिजवलेलं अन्न ३२ अंशांपुढच्या उष्णतेत तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. म्हणून मोजकंच शिजवा. उरलेलं "सकाळी बघू" म्हणून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी निम्मा ग्रुप पोट धरून बसतो, आणि पाण्याचा हिशेबही तिथेच कोसळतो.

अन्न रात्री झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवून वर दगड ठेवा. शंखातले खेकडे पिशवी कापून आत शिरतात, उंदीर असतील तर तेही. तंबूत खाऊ ठेवू नका.

तिथेच मासे पकडून खाल्ले तर?

परवानगीत मासेमारी असली तरी प्रवाळाजवळचे मोठे शिकारी मासे खाऊ नका. काही सूक्ष्म शैवालांचं विष छोट्या माशांतून मोठ्या माशांत साठत जातं. त्याला सिग्वाटेरा म्हणतात. शिजवून, तळून किंवा गोठवून ते जात नाही, आणि माशाच्या चवीला-वासालाही काही कळत नाही. उलट्या-जुलाबाबरोबर ओठांना मुंग्या येणं आणि थंड वस्तू हाताला गरम लागणं ही त्याची खूण.

शेकोटी पेटवावी का?

आम्ही नाही म्हणू. छोट्या बेटावर सुकं लाकूड मुळातच थोडं असतं. किनाऱ्याला लागलेले ओंडके वाळू अडवतात आणि खेकड्यांना आसरा देतात. खारं लाकूड जाळल्यावर निघणारा धूरही विषारी असतो. गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करा. वारा अडवायला एका बाजूला आडोसा लावा, पण गॅसच्या डब्याला चारही बाजूंनी वेढू नका, तो तापून फुटू शकतो.

शौचाची सोय?

हा प्रश्न लोक लाजून शेवटी विचारतात, खरं तर तो पाण्याखालोखाल महत्त्वाचा आहे. डोंगरावर १५-२० सेंटिमीटरचा खड्डा खणून भागतं. कारण तिथल्या मातीत जीवाणू भरपूर असतात. वाळूत विघटन फार सावकाश होतं. वारा वाळू उडवतो, घाण उघडी पडते, आणि ज्या पातळ थरात गोडं पाणी आहे तोही नासतो.

म्हणून घट्ट झाकणाच्या २० लिटरच्या बादल्या न्या. लघवीसकट वापरली तर एका माणसाला अशी बादली साधारण आठवडाभर पुरते. १२ जण × ३ दिवस म्हणजे ३६ माणूस-दिवस, त्याला पाच बादल्या. लघवी वेगळी, भरती येते त्या ओल्या वाळूत करायची असं ठरलं तर तीन पुरतात. प्रत्येक वापरानंतर लाकडाचा भुसा दोन मुठी टाकायचा. वास आला तर भुसा कमी पडतोय एवढाच त्याचा अर्थ. आडोसा वारा वाहत जातो त्या बाजूला, तंबूंपासून लांब. शेजारी साबण आणि समुद्राच्या पाण्याची बादली. भरलेल्या बादल्या परत न्यायच्या. त्या कुठे रित्या करायच्या हे निघण्याआधी ठरवा. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू वेगळ्या पिशवीत.

वाळूमाश्या आणि डास यांचं काय?

वाळूमाश्या पहाटे आणि संध्याकाळी, वारा पडला की चावतात. त्या इतक्या बारीक असतात की डासांच्या साध्या जाळीतून आत येतात, म्हणून बारीक विणीची जाळी हवी. त्या वेळेला पूर्ण बाह्या, लांब पँट आणि मोजे घाला. २० ते ३० टक्के डीईईटी (कीटकांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम चांगलं काम करतं, पण त्याने प्लास्टिक आणि काही कृत्रिम कापडं खराब होतात. चष्मा, घड्याळ आणि तंबूचं कापड यांपासून हात लांब ठेवा. सनस्क्रीन आधी, ते मुरल्यावर हे. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं, दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावायचं.

पोहताना आत ओढलं गेलं तर?

ओढ किनाऱ्याकडे पोहून जिंकता येत नाही, दम मात्र संपतो. आधी तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर या. मग लाटांबरोबर काठाकडे. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधला शांत, गडद दिसणारा पट्टा बहुतेक वेळा तोच असतो, आणि नवखे नेमके तिथेच उतरतात. पोहायला जोडीनेच जायचं. रात्री किंवा दारू घेतल्यावर कुणीच नाही.

समुद्रात काही चावलं, डसलं, कापलं?

जेलीफिश : पाण्याबाहेर या, चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, त्याने उरलेल्या डंखपेशी फुटतात. समुद्राच्या पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढा. जिथे बॉक्स जेलीफिश असतात तिथे व्हिनेगरची बाटली जवळ हवीच, तंतू काढण्याआधी किमान ३० सेकंद ओतत राहायचं. श्वास लागला, छातीत दुखलं तर ताबडतोब मदत मागवा.

स्टिंगरे (पाकट) किंवा स्टोनफिश (दगडासारखा दिसणारा मासा) यांचा काटा : तो भाग सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवा. पाणी दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या भागाला भाजलेलं कळत नाही. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालणं हा सोपा बचाव. स्टिंगरे चाहूल लागून बाजूला होतो. स्टोनफिश मात्र हलत नाही, त्यासाठी जाड तळव्याचे बूट.

प्रवाळाने कापलं : साबण आणि गोड्या पाण्याने नीट घासून कण काढा. इथे पाण्याची काटकसर करू नका. वरवर धुतलेली जखम दमट हवेत दुसऱ्या दिवशी लाल होऊन सुजते.

आणि शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असताना हातात घ्यायचा नाही. त्यातल्या काही जातींचा डंख जीवघेणा असतो.

ऊन लागलं हे कसं ओळखायचं?

डोकेदुखी, चक्कर, भरपूर घाम : सावली, विश्रांती, मीठ-साखरेचं पाणी. ओआरएसची पाकिटं संपली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बोलणं असंबद्ध झालं, माणूस गोंधळला, अंग तापलं तर तो उष्माघात. पाणी पाजत बसू नका. अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि मदत मागवा. ओतायला समुद्राचं पाणी चालतं.

मोबाइलला रेंज नसेल तर?

नसणारच असं धरून चाला. हातातला मरीन व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटींवर वापरतात तो बिनतारी रेडिओ, न्या. संकटाचा आंतरराष्ट्रीय चॅनेल १६ आहे. लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून बेटावरच्या उंच जागी उभं राहून बोला : तीन वेळा "मेडे", तुम्ही कोण, कुठे, काय झालंय, किती माणसं. अनेक देशांत या सेटला परवाना लागतो. ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारं उपकरण) असेल तर तो आधी नोंदवलेला हवा. शिट्टी आणि आरसा प्रत्येकाजवळ. किनाऱ्यावरच्या एका माणसाला नावांची यादी आणि "या वेळेपर्यंत आमचा निरोप आला नाही तर यांना कळव" असं लिहून द्या.

ठरल्या दिवशी बोट आलीच नाही तर?

बहुतेक वेळा समुद्र खवळलेला असतो आणि बोटवाला योग्यच वागत असतो. त्याच्यावर दबाव आणू नका. राखीव पाणी उघडा, सावलीत राहा, कामं पहाटे आणि संध्याकाळी. खाणं कमी करा, पाणी पिणं कमी करू नका. पोहून किंवा ओंडक्यावर बसून जायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. परतीनंतरचा एक दिवस सगळ्यांनी मोकळा ठेवलेला असला की असे निर्णय शांतपणे होतात.

विजा कडाडू लागल्या तर?

वीज दिसणं आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर पाण्यातून लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. एकट्या उंच झाडापासून लांब. तंबूत विजेपासून संरक्षण मिळत नाही आणि सपाट बेटावर खरोखर सुरक्षित अशी जागाच नसते, म्हणून गडगडाटी वादळाचा अंदाज असेल तर निघूच नका.

कासवं आणि पक्षी यांची काय काळजी घ्यायची?

पुळणीवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर तो कासविणीचा. तिथे तंबू नको. अंधारात पांढरा प्रकाश पडला तर ती अंडी न घालता परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. लाल प्रकाशाची बॅटरी वापरा, तीही जपून, आणि फ्लॅश बंद. पुळणीवर केलेले वाळूचे किल्ले आणि खड्डे रात्री मोडून सपाट करा, पिल्लं त्यात अडकतात.

समुद्रपक्षी जमिनीवर घरटी करतात. तुम्ही जवळ गेल्यावर पक्षी उडाला की अंडी उन्हात उघडी पडतात, आणि उष्णकटिबंधातल्या दुपारी थोड्या वेळातही ती नासतात. पक्षी ओरडू लागले की मागे फिरा. निघण्याआधी प्रत्येक खोका, पिशवी आणि बूट झटकून मुंग्या, बिया, उंदीर नाहीत ना, हे बघा. गाभण उंदरीण एक जरी उतरली तरी तिची वीण घरटी संपवू शकते.

परत आल्यावर सामानाचं काय?

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. तंबूच्या चेनीवर आधी मऊ ब्रशने वाळू झटका, मग पाणी. ओल्या वाळूसकट चेन ओढली की दात झिजतात. खांबांचे जोड उघडून धुवा, मीठ आत राहिलं तर पुढच्या वेळी ते निघत नाहीत. शेगडीची तोंडं, चाकू आणि बॅटरीचे संपर्क गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. तंबू सावलीत पूर्ण वाळवून मगच गुंडाळा, आणि खालच्या कापडाच्या शिवणी बोटाने चाचपून बघा : मीठ राहिलं असेल तर ते खरखरीत लागतं, तेवढाच भाग पुन्हा धुवायचा.